मिश्रीच्या डबीतील गोळ्या : ऊसतोड महिलांमधील रक्तक्षय-संशोधनाचे एक प्रकरण

सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यात कृष्णाकाठच्या एका गावाबाहेर, कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून ऊसतोड मजुरांचा अड्डा पडला होता. एका हंगामात तेथे रक्तक्षयावरील संशोधनाचे क्षेत्रकाम चालले आणि त्या कामाची जबाबदारी माझ्याकडे होती. पुढील प्रकरण त्या एका अड्ड्याचे आहे. संशोधन चालवणारी संस्था, गाव, कारखाना आणि माणसे यांची ओळख पटेल असा तपशील मी गाळला आहे. घडलेला प्रकार मात्र आहे तसा मांडला आहे, कारण त्यातील चूक आमची होती आणि ती नेमकी कोठे झाली हे शोधण्यासाठीच हे लेखन आहे.

संशोधनाचा प्रश्न साधा होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीनुसार १५ ते ४९ वयोगटातील भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के आणि महाराष्ट्रातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन दर डेसिलिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर रक्तक्षय आणि ८ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर तीव्र रक्तक्षय, असे जागतिक आरोग्य संघटनेचे निकष सांगतात. लोहाची गोळी हा त्यावरचा जुना आणि स्वस्त उपाय आहे. ‘ॲनिमिया मुक्त भारत’ ही २०१८ पासूनची मोहीमही याच गोळीवर उभी आहे. मात्र ही गोळी रोज द्यावी की एक दिवसाआड, याविषयी अलीकडे नवा विचार पुढे आला. लोहाची मात्रा पोटात गेली की यकृतातून हेप्सिडिन नावाचे संप्रेरक वाढते आणि ते सुमारे एक दिवस आतड्यातील लोहाचे शोषण रोखून धरते. स्वित्झर्लंडमधील तरुण स्त्रियांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एक दिवसाआड गोळी घेणाऱ्यांच्या शरीरात तेवढ्याच मात्रेतून अधिक लोह शोषले गेल्याचे दिसले. कष्टाचे काम करणाऱ्या आपल्याकडील स्त्रियांत तसेच घडते का, हे आम्हाला पाहायचे होते. स्त्रियांचे दोन गट करायचे, एकाला रोज गोळी द्यायची, दुसऱ्याला एक दिवसाआड. सुरुवातीला रक्त तपासायचे आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचे, असा आराखडा होता.

यासाठी ऊसतोड महिलाच का निवडल्या, याचे कागदावरचे उत्तर असे की त्यांच्यात रक्तक्षय मोठ्या प्रमाणात असतो आणि त्यांचे काम अंगमेहनतीचे असते. ते खरेच होते. पण कागदावर न आलेले दुसरे कारणही होते. बीड, जालना, धाराशिव किंवा आपल्याच जिल्ह्यातील जत भागातून आलेली ही कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, घालून बसली की हंगाम संपेपर्यंत एका ठिकाणी सापडतात आणि संध्याकाळी हमखास भेटतात. सोयीचे सहभागी हा संशोधनातील फार जुना मोह आहे. ज्यांना नकार देणे सर्वांत अवघड, तेच आपल्याला सर्वांत सहज उपलब्ध असतात, हे त्या वेळी आमच्यापैकी कोणी बोलून दाखवले नाही.

रिकामी पाकिटे आणि न वाढलेले रक्त

गोळ्या घेतल्या जातात की नाही हे पाहण्यासाठी दर आठवड्याला रिकामी पाकिटे परत घेण्याची पद्धत होती. या अड्ड्यावरून पाकिटे जवळपास पूर्ण परत येत होती. दीड महिन्यांनी रक्ताची मधली तपासणी झाली, तेव्हा मात्र दोन्ही गटांत हिमोग्लोबिन होते तेथेच होते. आम्ही सांगलीत बसून त्याची कारणे शोधू लागलो. कोणी जंतांकडे बोट दाखवले. कोणी म्हणाले की वारंवार होणाऱ्या जंतुसंसर्गातही हेप्सिडिन वाढते आणि लोह आत जात नाही. गोळी चहाबरोबर घेतली तर चहातील घटक लोहाला बांधून ठेवतात, हाही मुद्दा निघाला. पाळीतील जादा रक्तस्राव हाही. यातील एकही स्पष्टीकरण शास्त्रदृष्ट्या चूक नव्हते, म्हणूनच आम्ही त्यांत बराच काळ रमलो.

उत्तर अड्ड्यावरच्या एका कोपीत मिळाले. आमच्या क्षेत्र परिचारिका एका पस्तिशीच्या बाईंशी बोलत बसल्या होत्या. बाईंनी दाताला लावायला मिश्री काढण्यासाठी उशाच्या गाठोड्यातून डबी घेतली आणि उघडली, तर ती दुसरी निघाली. तशाच आकाराच्या, तशाच झाकणाच्या त्या डबीत लाल गोळ्या होत्या. दमट हवेने वरचे साखरेचे वेष्टण सुटून त्या एकमेकींना चिकटल्या होत्या आणि डबीच्या तळाला कुंकवासारखा रंग लागला होता. परिचारिकांनी मोजल्या तेव्हा अकरा भरल्या. बाईंनी डबी लपवली नाही. त्या म्हणाल्या, “पोरीला ठिवल्यात, ताई. गावाकडं सासूपाशी हाय ती, नववीला. उभ्या उभ्या चक्कर येती तिला.” पाकिटांविषयी विचारल्यावर त्यांनी तितक्याच सरळपणे सांगितले, “तुमी रिकामी पाकिटं मागितली, ती दिली की.”

त्याच कोपीत दीड-दोन वर्षांचे मूल रांगत होते. लोहाच्या गोळ्या लहान मुलाने गिळल्या तर जिवावर बेतू शकते. मुलांमधील औषधी विषबाधेचे ते एक परिचित कारण आहे. आमच्या माहितीपत्रकात ‘गोळ्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठिकाणी ठेवाव्यात’ असे वाक्य होते. पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या, माणूस वाकून आत जाईल एवढ्या उंचीच्या कोपीत असे ठिकाण कोणते, हे ते वाक्य लिहिताना आमच्या डोळ्यांपुढे आले नव्हते. ही चूक मला आजही इतर सर्व चुकांपेक्षा जास्त सलते.

त्यानंतरचे काही दिवस परिचारिका नोंदवही न घेता अड्ड्यावर गेल्या. आम्ही ज्याला एका शब्दात ‘गोळ्या न घेणे’ म्हणत होतो, त्याच्या पोटात किती निरनिराळ्या गोष्टी होत्या हे तेव्हा कळले. या स्त्रिया पहाटे चारच्या आत उठतात, भाकऱ्या थापून बांधून घेतात आणि उजाडण्यापूर्वी फडाकडे निघतात. पहिला घास पोटात जायला नऊ-दहा वाजतात. उपाशीपोटी गोळी घेतली की मळमळते आणि वाकून कोयता चालवताना ती मळमळ सहन होत नाही. लोहाने बद्धकोष्ठ होते. घरात संडास असलेल्या माणसासाठी ही किरकोळ तक्रार असेल. अड्ड्यावर संडास नाही, दिवस उगवण्यापूर्वी उसाच्या आडोशाला जाऊन यायचे असते आणि तेथे वेळ लागला तर टोळी पुढे निघून जाते. “पोट बांधून बसलं की दिवसभर मोळी उचलवत न्हाई, आन् उजाडल्यावर कुठं बसायचं?” असे एकीने विचारले. दुसरी काळी शौच पाहून घाबरली आणि तिने गोळ्या बंद केल्या; असे होणार हे कोणी तिला सांगितलेच नव्हते. एकीने आपल्या गोळ्या गरोदर जावेला दिल्या. चार-पाच जणी नियमाने घेत होत्या आणि त्यांना बरेही वाटत होते.

आणखी एक भीती बराच वेळ कोणी बोलून दाखवली नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला आणि शासनाने त्यासाठी चौकशी समितीही नेमली. पाळीच्या दिवसांत काम बुडू नये, अंगावरून जास्त जाणे थांबावे म्हणून पिशवी काढून टाकण्याचा सल्ला ज्यांच्या बहिणींनी, नणंदांनी ऐकला होता, त्या स्त्रियांना आमची रक्ताची तपासणी ही त्याच वाटेची पहिली पायरी वाटत होती. रक्त कमी आहे असे निघाले की पुढे पिशवीचे बोलणे निघणार, असा त्यांचा अनुभवावर आधारलेला अंदाज होता. त्याला गैरसमज म्हणणे मला योग्य वाटत नाही.

साक्षीदाराची सही

मग प्रश्न असा उरतो की यातील एकही गोष्ट दीड महिना आमच्यापर्यंत का आली नाही. त्याचे उत्तर संमतीपत्रांच्या गठ्ठ्यात होते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक सूचनांनुसार, सहभागी व्यक्तीला वाचता येत नसेल तर माहितीपत्रक तिला समजावून सांगताना निःपक्ष साक्षीदार हजर असावा लागतो आणि त्याची सही घ्यावी लागते. वस्तीच्या प्रमुखाने परवानगी दिली तरी ती व्यक्तीच्या स्वतःच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही, हेही त्या सूचनांत आहे. आमच्या प्रत्येक कागदावर अंगठा होता आणि त्याखाली साक्षीदाराची सहीही होती. या अड्ड्यावर सर्व कागदांवर ती सही एकाच माणसाची होती आणि तो माणूस टोळीचा मुकादम होता.

हे घडले ते कोणाच्या दुष्टपणाने घडले नाही. संध्याकाळची वेळ होती, वीज गेलेली होती, गाड्या भरून बाया नुकत्याच परतल्या होत्या आणि चुली पेटायच्या होत्या. अड्ड्यावर सफाईने वाचू शकणारा आणि सगळ्यांना ओळखणारा माणूस तोच होता. आमच्या क्षेत्र कार्यकर्त्याने त्याला विनंती केली आणि त्याने मदत केली. त्याला हे काम चांगले वाटत होते. पण हंगामापूर्वी प्रत्येक कोयत्याला उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देणारा माणूस तोच होता. कोयता म्हणजे येथे नवरा-बायकोची जोडी. दोघांतला एक जण कामावर आला नाही तर खाडा धरला जातो, उचलीचा हिशेब फिटला की नाही हेही मुकादमच ठरवतो. त्याने बायांना सांगितले होते, “कारखान्याचं काम हाय, न्हाई म्हणू नका.” त्या क्षणापासून आमच्या गोळ्या कारखान्याच्या झाल्या आणि रिकामी पाकिटे हा उचलीसारखाच एक हिशेब झाला, जो दर आठवड्याला चुकता करायचा असतो. बायांनी तो चोख चुकता केला.

यासारखे आपल्या देशात पूर्वीही घडले आहे. २००९ मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लसीचा प्रात्यक्षिक प्रकल्प राबवला गेला, तेव्हा वसतिगृहात राहणाऱ्या अनेक आदिवासी मुलींच्या संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या आणि मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. प्रकल्पाच्या काळात झालेल्या मुलींच्या मृत्यूंचा लशीशी संबंध चौकशीत आढळला नाही, तरीही २०१० मध्ये तो प्रकल्प स्थगित झाला आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने संमतीच्या प्रक्रियेवर कठोर ताशेरे ओढले. लस चांगली होती. आज जगभर ती दिली जाते. तिच्याविषयी आपल्याकडे जो अविश्वास रुजला, त्यात त्या सह्यांचा वाटा मोठा आहे असे माझे मत आहे.

आमच्या चर्चेत सुरुवातीला दोन स्वतंत्र दोष नोंदवले गेले होते : संमतीचा दोष हा नैतिक समितीचा विषय, आणि गोळ्या न घेतल्या जाणे हा आकडेवारीचा विषय. मला ही विभागणी मान्य झाली नाही आणि आजही मान्य नाही. दोष एकच होता. ज्या सहीमुळे बायांना ‘नाही’ म्हणता आले नाही, त्याच सहीमुळे ‘घेतली नाही’ हेही म्हणता आले नाही. नकाराची वाट बंद झाली तेव्हाच खऱ्या माहितीची वाटही बंद झाली. मानवी मूल्ये ही संशोधनावर वरून घातलेली मर्यादा आहे, असे आपण सहज बोलतो. या अड्ड्यावर ती संशोधनाच्या खरेपणाची पहिली अट निघाली.

किचकट आणि व्यामिश्र

येथे दोन शब्दांत फरक करणे उपयोगाचे आहे. साखर कारखाना किचकट असतो : गव्हाणीपासून साखरेच्या पोत्यापर्यंत शेकडो भाग, पण प्रत्येक भागाचे काम ठरलेले असते आणि जाणता अभियंता बिघाड शोधून तेवढाच भाग दुरुस्त करू शकतो. ऊसतोडीची टोळी व्यामिश्र असते. तिच्यात एका ठिकाणी हात लावला की भलत्याच ठिकाणी हालचाल होते, माणसे तुमच्या कृतीचा अर्थ लावतात आणि त्या अर्थाप्रमाणे वागणे बदलतात, आणि ते बदललेले वागणे तुमच्या मोजमापात शिरते. आम्ही टोळीला कारखान्यासारखे पाहिले. रिकामे पाकीट हे आमच्यासाठी मोजण्याचे साधन होते. टोळीत पोचताच ते आज्ञापालनाची पावती झाले.

गोळीचेही तसेच. टांझानियातील पेंबा बेटावर, जेथे तेव्हा मलेरियाचा मोठा प्रादुर्भाव होता, लहान मुलांना लोह आणि फॉलिक ॲसिड देण्याचा मोठा प्रयोग झाला. गोळी मिळालेल्या मुलांत मृत्यूचे किंवा रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचे प्रमाण १२ टक्क्यांनी अधिक आढळले, म्हणून २००३ मध्ये लोहाचे गट थांबवावे लागले. २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यातही ज्या मुलांच्या शरीरात लोह खरोखर कमी होते त्यांना फायदाच दिसला. एकच गोळी, आणि ती कोणाच्या शरीरात, कोणत्या परिसरात जाते त्यावर तिचा गुण ठरतो. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने व्यामिश्र उपाययोजनांच्या मूल्यमापनासाठी २००० मध्ये मार्गदर्शन काढले आणि २०२१ मध्ये ते नव्याने मांडले, तेव्हा ‘उपाय लागू पडतो का’ या एका प्रश्नावर न थांबता तो परिस्थितीत मिसळून काय घडवतो आणि ज्यांच्यावर तो होतो त्यांना त्यातून काय हवे आहे, हे विचारण्यावर भर दिला.

त्यांना काय हवे आहे, हे आम्ही विचारले नव्हते. आमच्या आराखड्यात यशाची व्याख्या एकच होती : हिमोग्लोबिनमधील वाढ. परिचारिकांनी सहज विचारल्यावर एक बाई म्हणाल्या, “मोळी डोक्यावर घिऊन ट्रकच्या फळीवर चढताना डोळ्यापुढं अंधारी येऊ नये, येवढंच.” मोळी घेऊन अरुंद फळीवरून चढणाऱ्या माणसाला अंधारी येणे म्हणजे काय, हे ज्याने एकदा पाहिले आहे त्याला हा मापदंड ग्रॅमच्या आकड्यापेक्षा कमी शास्त्रीय वाटणार नाही. दुसरीने उलटाच मुद्दा काढला : अंगात ताकद आली तर घरवाला आणि मुकादम दोघे मिळून जास्त ऊस तोडायला लावतील, उचल लवकर फिटेल, पण विसावा काही मिळणार नाही. गोळीने वाढलेली ताकद कोणाच्या मालकीची, हा प्रश्न आमच्या विषयात शिकवला जात नाही. तो शिकवला जावा असे मला वाटते.

पुढे काय केले

प्रकार नैतिक समितीला लेखी कळवून त्या अड्ड्यावरचे काम आम्ही थांबवले. सांख्यिकीतज्ज्ञांचे म्हणणे असे की गोळ्या घेतल्या असोत वा नसोत, ज्या गटात स्त्री होती त्याच गटात तिला धरून विश्लेषण करता येते आणि ते शास्त्रमान्य आहे. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर होते. पण ज्या माहितीमागे संमतीच नाही ती विश्लेषणात घ्यायची कोणत्या अधिकाराने, हा प्रश्न त्याने सुटत नव्हता. शेवटी असे ठरले की प्रत्येकीला पुन्हा नव्याने विचारायचे, पुढे राहण्याविषयी आणि आधी घेतलेल्या माहितीच्या वापराविषयीही, आणि ‘नाही’ म्हटल्यास कारण विचारायचे नाही.

साक्षीदार कोण असावा हे बायांनीच सुचवले. टोळीतील काही मुले गावच्या अंगणवाडीत जात होती, तेथील सेविकांवर त्यांचा विश्वास होता. कारखान्याच्या दुरुस्तीमुळे तोड बंद होती अशा एका दुपारी सेविका येऊन बसल्या आणि एकेकीशी स्वतंत्र बोलणे झाले. त्यापूर्वी मी मुकादमांना भेटून सगळे सांगितले. ते रागावले नाहीत, त्यांनी एवढेच विचारले, “मग डॉक्टर, माझी सही घेतलीच कशाला होती?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते आणि मी तसे कबूल केले. काही जणी बाहेर पडल्या, काही राहिल्या, दोघींनी जुनी माहिती काढून टाकायला सांगितली आणि ती काढली गेली.

सर्वांत अवघड गेली ती एक वेगळीच बाब. एका स्त्रीचे हिमोग्लोबिन ८ ग्रॅमच्या खाली होते आणि तिला मिरजेला नेणे गरजेचे होते. ती गेली तर कोयता मोडतो, म्हणजे नवऱ्याचीही मजुरी जाते आणि वर खाडा पडतो. संशोधनाने ही भरपाई द्यावी का? प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी देण्यास मार्गदर्शक सूचनांची हरकत नाही. आक्षेप आहे तो आमिषाला. समितीतील एका सदस्यांना दोघांची मजुरी देणे हे आमिष वाटत होते. माझे मत वेगळे होते. तपासणी करून ‘तुझे रक्त फार कमी आहे’ हे आम्हीच तिला सांगितले. ते सांगून झाल्यावर उपचाराची किंमत तिच्या उचलीत भर घालून वसूल होऊ देणे हे मला अधिक गैर वाटले. भरपाई दिली गेली, मुकादमाच्या हातून न जाता तिच्या हातात, आणि तिच्या नवऱ्याच्या समोर.

गोळी रात्रीच्या जेवणानंतर घेण्याचा आणि काळ्या शौचाविषयी आधीच सांगण्याचा बदल समितीकडून मंजूर होऊन आला तेव्हा कारखान्याचा पट्टा पडायला, म्हणजे हंगाम संपायला, थोडेच दिवस उरले होते. त्या अड्ड्यापुरता रोज की एक दिवसाआड हा प्रश्न अनुत्तरित राहिला. अंतिम अहवालात आम्ही तसे लिहिले आणि स्त्रियांनी सांगितलेली कारणे, ‘गळती’ या एका रकान्यात न कोंबता, त्यांच्या शब्दांत जोडली.

डबीवाल्या बाईंनी पुढे राहण्यास नकार दिला. त्यांनी एकच काम सांगितले, मुलीचे. किशोरवयीन मुलामुलींना आठवड्याला एक निळी गोळी देण्याची तरतूद सरकारी मोहिमेत आहे. ती तिला मिळते का आणि तिचे रक्त तपासता येईल का, हे विचारणारे पत्र आम्ही त्यांच्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला लिहिले आणि त्याची प्रत बाईंच्या हाती दिली. ती त्यांनी घडी करून चोळीत ठेवली. मग गाठोड्यातून ती डबी काढली, काडीने खरवडून चिकटलेल्या गोळ्या परिचारिकांच्या ओंजळीत पाडल्या, पदराने आतला लाल रंग पुसला आणि त्याच बसकेत तिच्यात मिश्री भरली.